गॅरेजातलं विमान आणि अण्णांची रिबिटं

रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे एकत्र धरणारी धातूची खीळ, मारायला दोन माणसं लागतात हे आधी नीट लक्षात आलं असतं, तर किटची ऑर्डर देण्यापूर्वी मी बायकोला विचारलं असतं. मी विचारलं नाही, सांगितलं. २०१२ च्या ऑक्टोबरात आमच्या ओहायोतल्या घरासमोर ट्रक थांबला आणि पलंगाएवढा एक खोका उतरवून निघून गेला. त्यात विमानाची शेपटी होती. म्हणजे शेपटी होण्याच्या लायकीचे पत्रे होते. निळ्या प्लॅस्टिकची फिल्म चिकटवलेले, बहुतेक भोकं आधीच पाडलेले. सोबत कागदी पिशव्यांमध्ये साबुदाण्याएवढाली रिव्हेटं.

विमान आरव्ही-९ए. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं, दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, पुढचं चाक नाकाखाली असलेलं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ही कंपनी काढली आणि तिच्या किटांतून दहा हजारांहून जास्त विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. त्यामुळे मी काही जगावेगळं करत नव्हतो, असं मी घरी पटवून देत होतो. त्यातून आम्ही राहतो डेटनजवळ. राइट बंधूंचं सायकलचं दुकान याच गावातलं. वैमानिकाचा परवाना माझ्याकडे होता, तासाच्या भाड्याने सेसना १७२ उडवायचो आणि दर वेळी बिल बघून हळहळायचो. स्वतः बांधलं तर स्वस्त पडेल, हा हिशोब तेव्हा मनात होता. तो कुठे चुकला ते पुढे येईलच.

आधी कायद्याचं सांगतो, कारण घरच्या प्रत्येक फोनवर हाच प्रश्न यायचा, "असं कोणीही विमान बांधलं तर चालतं?" अमेरिकेत चालतं. 'एक्स्पेरिमेंटल, अमॅच्युअर-बिल्ट' असा वर्गच आहे. अट एकच, निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं हवं. सगळे याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. गंमत म्हणजे यात तास मोजत नाहीत, कामं मोजतात. अशी कामांची यादीच एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे आहे. म्हणून कारखान्यात भोकं पाडलेलं किटही या नियमात बसतं. पुरावा म्हणून तुमची वही आणि फोटो. मी रोज वही लिहिली. काही दिवशी तिच्यात फक्त "आज काल केलेलं काढलं" एवढंच आहे.

आता रिव्हेट. विमानाच्या बाहेरच्या पत्र्यावर ३/३२ इंच जाडीचं, सपाट डोक्याचं रिव्हेट असतं. ते पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून प्रत्येक भोकाभोवती आधी खळगा उठवायचा, त्याला डिंपल म्हणतात. त्याआधी भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेला धातूचा खरखरीत काठ, काढायची, दोन्ही बाजूंनी. मग सगळे भाग क्लेकोने, म्हणजे स्प्रिंगच्या छोट्या चापांनी एकत्र धरायचे, सुटे करायचे, आतून प्रायमर मारायचा आणि पुन्हा जोडायचे. एवढं झालं की एकाने बाहेरून हवेची रिव्हेट गन टेकवायची आणि दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा धरायचा. दोन सेकंद धडधड झाली की आतलं टोक चपटं होतं. ते दांडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं व्हायला हवं. कमी झालं तर ढिलं, जास्त झालं तर ठिसूळ, तिरकं झालं तर दोघांचं भांडण.

आमचं झालं. बायको आत, मी बाहेर. मी गन सुरू केली तेव्हा तिचा ठोकळा दुसऱ्याच रिव्हेटवर होता. परिणामी पत्र्यात चंद्रकोरीसारखी खोच पडली. बांधणारे त्याला 'स्मायली' म्हणतात, आम्हाला काही हसू आलं नाही. त्या रात्री आम्ही शब्द ठरवले. ती "टेकलं" म्हणणार, मी "मारतो" म्हणणार, मग मारायचं, आणि मग ती "बरं" किंवा "काढ" म्हणणार. पुढची काही वर्षं आमच्या संसारात "काढ" या शब्दाइतका दुसऱ्या कशाचा धाक नव्हता.

कारण काढणं हे मारण्याहून अवघड. डोक्याच्या बरोबर मध्यावर, डोक्याच्या जाडीपुरतंच ड्रिल न्यायचं, पंच घालून डोकं मोडायचं, मग उरलेली दांडी हलकेच मागे ठोकायची. केसभर सरकलं की भोक लांबट होतं. माझी पहिली दहा-बारा तशीच झाली. त्यावरही इलाज आहे म्हणा, दांडी जाड पण डोकं लहान असं एक रिव्हेट मिळतं. त्याचं लोकांनी ठेवलेलं नाव 'ऊप्स रिव्हेट'. मी त्यांची पूर्ण पिशवी मागवली, आणि ती पुरली नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात अण्णा आले, सहा महिन्यांसाठी. माझे वडील एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झाले. तिथे बसचे सांगाडे बांधतात. अण्णांनी तीस वर्षं चॅसीवर बॉडी चढवली, ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. लहानपणी त्यांच्या शर्टाला येणारा तो कापलेल्या धातूचा वास माझ्या गॅरेजात येत होता आणि मला दोन वर्षं ते कळलंच नव्हतं. अण्णा दारात थांबले आणि म्हणाले, "अरे, हे तर आमचंच काम."

मी मोठ्या अभिमानाने त्यांना पूर्ण झालेला रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, दाखवला. त्यांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला आणि मागच्या कडेवरून असं बघितलं, जसं सुतार फळीची धार बघतो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडीचा पत्रा असता तर चालला असता."

मॅन्युअलमध्ये ती कड किती वाकडी चालते याचं माप दिलेलं आहे. मी त्याच्या आत आहे असं मला वाटत होतं. सरळपट्टी लावली. नव्हतो. कड सापासारखी दोनदा वळत होती. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाली, "काढ." रडरचे नवे पत्रे मागवले.

पंखांचं काम सुरू झालं तसे अण्णा रोज सकाळी चहा घेऊन गॅरेजात हजर. ते रिव्हेटला रिबिट म्हणतात आणि आतल्या ठोकळ्याला डॉली. त्यांनी गन हातात घेतली नाही, "हे तुमचं हत्यार हलकं आहे, मला अंदाज नाही" म्हणाले. पण बायकोला डॉली धरायला त्यांनीच शिकवलं. ती जीव खाऊन दाबायची, संध्याकाळी तिचं मनगट सुजायचं. "दाबू नको पोरी. नुसती सरळ टेकव. वजन तिचं तिला आहे." आणि मला म्हणाले, "तू मोजतोस काय सेकंद? कान दे. रिबिट बसलं की आवाज बदलतो."

खरंच बदलतो. आधी पोकळ खडखडाट असतो, मग क्षणभर घट्ट, बसका ठोका ऐकू येतो. तिथे बोट सोडायचं. दोन वर्षं मी माप लावून बघत होतो, पण कानातलं संरक्षक बूच जरा सैल करून ऐकावं असं कधी सुचलं नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही डाव्या पंखाचा वरचा पत्रा मारला. शेकडो रिव्हेटं, "काढ" फक्त चार वेळा.

इंधनाच्या टाक्या मात्र अण्णा परत गेल्यावर केल्या. या विमानात टाकी म्हणजे पंखाचाच पुढचा भाग, दोन्ही मिळून ३६ गॅलन. प्रत्येक सांधा आणि प्रत्येक रिव्हेट करड्या सीलंटमध्ये बुडवून बसवायचं. ते सीलंट म्हणजे फणसाचा चीक समजा, फक्त वास सडक्या अंड्याचा. दाराच्या मुठीला, चष्म्याला, फोनला, सगळ्याला लागलं. बायको कोकणातली, ती सहज खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि मी ओरडलोच. तेलाचा हात पत्र्याला लागला की सीलंट धरत नाही. मग हातमोज्यांच्या जोड्यांवर जोड्या संपवल्या.

टाकी गळते का हे बघायची पद्धत पोरखेळ वाटावी अशी आहे. सगळी तोंडं बंद करायची, एका तोंडाला फुगा लावायचा आणि किंचित हवा भरायची. फुगा उभा राहिला तर टाकी ठीक. रात्री फुगा मलूल झालेला बघून माझं जेवण गेलं. सकाळी ऊन आलं तसा तो आपोआप पुन्हा फुगला. गॅरेज थंड झालं की आतली हवा आकसते, एवढी शाळेतली गोष्ट मी विसरलो होतो. पण उजव्या टाकीचा फुगा उन्हातही उठेना. साबणाचं पाणी लावत गेलो तर मागच्या बाजूच्या एकाच रिव्हेटपाशी बारीक बुडबुडा येत होता, मोहरीएवढा. त्या मोहरीने माझे तीन शनिवार-रविवार खाल्ले.

२०१६ च्या फेब्रुवारीत अण्णांनी एक व्हिडिओ पाठवला. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं होतं आणि ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं होतं. खाली अण्णांचा मजकूर: "यांनी गच्चीवर केलं. तुझ्याकडे तर गॅरेज आहे." यादवांपुढे किट वगैरे काही नव्हतं, नियमांची वाटही त्यांना स्वतःच शोधावी लागली. त्यांच्या विमानाची डीजीसीएकडे, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक खात्याकडे, नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. माझ्याकडे प्रत्येक भोकाचा नकाशा होता. त्या रात्री मी मुकाट गॅरेजात गेलो.

मधली वर्षं भरभर सांगतो, कारण ती तशी गेली नाहीत आणि पुन्हा आठवायची इच्छा नाही. सांगाडा २०१७ मध्ये उभा राहिला. गाड्या बाहेर, बर्फात. कॅनॉपीचं, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाचं ॲक्रिलिक थंडीत कापलं तर तडकतं म्हणून जुलैत गॅरेजचं दार लावून, घामाने निथळत कापलं. इंजिन लायकमिंगचं ओ-३२०, १६० अश्वशक्तीचं. भाड्याच्या विमानापेक्षा स्वस्त पडण्याचा माझा हिशोब इथे संपला, एकट्या इंजिनाची किंमत सगळ्या पत्र्यांपेक्षा जास्त होती. मग वायरिंग. त्याबद्दल न बोललेलं बरं. २०२० च्या वसंतात जग बंद झालं आणि माझं काम मात्र सुटलं. संध्याकाळी जायला दुसरी जागाच नव्हती. त्या सप्टेंबरात ट्रेलरवर घालून सगळं धावपट्टीवरच्या हँगरमध्ये नेलं आणि तिथे पंख लावले. वहीत तेव्हा २,१४० तास भरले होते.

तपासायला एफएएने नेमलेले एक म्हातारे गृहस्थ आले. पत्र्याची सगळी झाकणं उघडून ठेवायला त्यांनी आधीच सांगितलं होतं. टॉर्च घेऊन चार तास ते आत डोकावत होते. कंट्रोलच्या एका बोल्टवर, नट पुरेसा आवळल्याची खूण म्हणून लावतात तो रंगाचा ठिपका नव्हता. त्यांनी माझ्यासमोर पान्हा लावायला लावला. मग वही चाळली. "काढलं" म्हणजे काय, त्यांनी विचारलं, कारण वहीत तेवढा एकच शब्द मी देवनागरीत लिहायचो. मी सांगितलं. ते हसले आणि सही केली.

पहिलं उड्डाण वीस मिनिटांचं. आधी दुसऱ्याच्या आरव्हीत प्रशिक्षण घेतलं होतं, तरीही तोंडाला कोरड पडली होती. विमान जमिनीवरून कधी सुटलं ते कळलं नाही, तेलाच्या तापमानाचा काटा तेवढा आठवतो. डावा पंख जड वाटत होता. नंतर उजव्या एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीची, मागची कड किंचित दाबली आणि ते गेलं.

पण खरी पंचाईत पुढे होती. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास, नसेल तर ४० तास चाचणीचे, आणि त्या काळात विमानात प्रवासी नेता येत नाही. माझी जोडी प्रमाणित नव्हती. "निम्मी रिव्हेटं माझी आहेत," बायको म्हणाली. बरोबर होतं, पण नियमाच्या लेखी ती प्रवासी. मे २०२१ मध्ये चाळीस तास भरले, त्याच संध्याकाळी ती बसली. वर गेल्यावर मला वाटलं ती खालची शेतं बघतेय. ती पंखावरची एक ओळ मोजत होती. "हे बघ, हे मी 'बरं' म्हटलेलं. काढायला हवं होतं."

अण्णा पुन्हा आले ते २०२२ मध्ये, शहात्तराव्या वर्षी. हँगरमध्ये त्यांनी आधी विमानाला पूर्ण फेरी मारली, तळहात पत्र्यावरून फिरवत. रडरपाशी थांबले, एक डोळा मिटला. "आता बरा आहे." मग मी हात दिला, ते पंखावर चढून आत बसले. समोर पॅनेलवर एक पट्टी लावलेली असते, ती वाचून दाखव म्हणाले. मी मराठी करून सांगितलं की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे, आणि प्रमाणित विमानांचे सुरक्षेचे सरकारी नियम ते पाळत नाही.

"हे तूच चिकटवलंस?"

"कायदाच आहे अण्णा. प्रवाशाला दिसेल असं लावावं लागतं."

"आम्ही गाडीवर 'प्रवाशांच्या सेवेसाठी' लिहायचो," ते म्हणाले. मग पट्टा खांद्यावरून ओढून घेतला, बकल दोनदा ओढून पाहिलं आणि विचारलं, "टायरमधली हवा बघितलीस का?"