काबायो, सेन्योरा?

रविवार, रात्री साडेअकरा. मनू कधीच झोपली आणि मी ओट्यावरचा छोटा दिवा लावून बसलेय. बूट दारातच पडलेत, चिखलाने भरलेले. मांड्या ठणकतायत, पण झोप येत नाही ती त्यामुळे नाही.

सांगायला गेलं तर गोष्ट एवढीशी आहे. सकाळी एल रोसारियोला, म्हणजे मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात मोनार्क फुलपाखरं हिवाळा काढतात त्या जंगलापाशी, व्हॅनमधून आम्ही अकरा जण उतरलो, आणि घोडेवाल्यांच्या घोळक्यातला एक पोरगा सरळ चालत माझ्याकडे आला. अकरा जणांत फक्त माझ्याकडे. "काबायो, सेन्योरा?" घोडा हवा का, बाई. बस, एवढंच.

त्याचा धंदा आहे, तो विचारणारच, मला कळतं. पण मी नो म्हणायच्या आत मनू म्हणाली, "आई, घे ना घोडा," आणि ते इतकं पटकन म्हणाली की मला कळलं हे तिचं घरूनच ठरलं होतं. म्हणजे पहाटे पाचला मला उठवताना, थर्मास भरताना, तीन साडेतीन तास व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसलेली असताना हिच्या डोक्यात मी घोड्यावरच होते.

मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं बहुतेक, कारण ती दोघं जर्मन मुलं वळून बघायला लागली.

तर चालले. फुलपाखरं ज्या ओयामेलच्या झाडांवर उतरतात ती फरची झाडं तीन हजार मीटरच्या आसपास आणि त्याच्याही वर असतात, मेक्सिको सिटीच मुळी सव्वादोन हजारावर आहे, तिथे पहिला आठवडा मला जिना चढताना धाप लागायची, आणि ही त्याच्यावर अजून उंची. सुरुवातीला पायऱ्या आहेत, नीट बांधलेल्या, मला वाटलं एवढंच ना. वीस पायऱ्यांवर थांबले. मग पंधरावर. मग आकडा सोडला. आमच्याबरोबर गावातली एक गाईड बाई होती (तिथे एकटं सोडत नाहीत, जंगल त्या गावाच्या सामायिक मालकीचं आहे, एहिदो म्हणतात त्याला, आणि लोकांना वर नेणं हे हिवाळ्यातलं त्यांचं काम), ती माझ्याच वयाची, कदाचित मोठीच, पायात साधे कापडी बूट, खांद्यावर शाल, आणि ती अशी चालत होती जसं काही अंगणातून विहिरीवर निघालीय. दर वळणावर माझ्यासाठी थांबायची. "पोको आ पोको." हळूहळू. तिच्या बोलण्यात कीव नव्हती, ते मला जास्त बरं वाटलं. मनूच्या थांबण्यात मात्र होती. मनू थांबली की फोन काढायची आणि वेळ बघून परत खिशात ठेवायची, माझ्याकडे न बघता.

काल रात्री मी फोनवर वाचत बसले होते ना, ते सगळं तिथे आठवत होतं. टोरांटोचे ते प्राध्यापक, फ्रेड अर्क्वहार्ट, आणि त्यांची बायको नोरा. ही फुलपाखरं थंडीत जातात तरी कुठे हे शोधण्यात दोघांचं आयुष्य गेलं. 1940 च्या सुमारास पंखांना इवल्या चिठ्ठ्या चिकटवायला लागले, लोक सापडलेल्या फुलपाखरांची पत्रं पाठवायचे, आणि ठिकाण सापडलं ते थेट 2 जानेवारी 1975 ला, तेही केन ब्रगर आणि मिचोआकानच्याच कातालिना आग्वादो या दोघांना, याच भागातल्या सेरो पेलोन डोंगरावर. (गावकऱ्यांना फुलपाखरं कायमच माहीत होती. ती येतात कुठून हे माहीत नव्हतं, एवढंच.) पुढच्या वर्षी अर्क्वहार्ट नवराबायको स्वतः चढले. तेव्हा फ्रेड 64 वर्षांचे. आणि त्यांनी लिहून ठेवलंय की छाती धडधडत होती, पाय शिशाचे झाले होते, आणि वाटलं की हा ताण झेपलाच नाही तर? इतकी वर्षं शोधलं आणि इथेच... मला ते वाचताना कौतुक वाटलं होतं. आज त्या पायऱ्यांवर कौतुक वाटत नव्हतं. त्यांच्याबरोबर नोरा होती, तीही धापा टाकत. दोघं बरोबरीने थांबत असतील. बरोबरीने थांबणं वेगळं. हे असते तर आम्हीही तसेच.

जाऊ दे.

पुढचा भाग असा की आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन गेलं होतं. आमच्या ग्रुपमधले बाकीचे वीसेक मिनिटं आधी पोचले होते आणि त्यांचे चेहरेच सांगत होते. त्या जर्मन मुलातला एक तर डोळे पुसत होता, खरंच. ऊन पडलं होतं, पूर्ण उतार नारिंगी झाला होता, पंखांचा आवाज पावसासारखा येत होता म्हणे, बारीक पाऊस सुक्या पानांवर पडतो तसा. मग ढग आला आणि सगळी एकदम उठून झाडांवर परतली. ऊन झाकलं की ती लगेच झाडाकडे पळतात, उघड्यावर थंडीत अडकली तर उडताच येत नाही.

आम्हाला काय दिसलं तर झाडं. गडद, ओथंबलेली झाडं. पहिली दोन मिनिटं मला वाटलं ही सुकलेली पानं, फुलपाखरं पुढे कुठेतरी असतील. मग गाईडने बोट केलं आणि लक्षात आलं की पानं कुठे नाहीतच, ते सगळं तेच आहे. मिटलेल्या पंखांची खालची बाजू फिकट, सुक्या पाल्यासारखी. खोडावर, फांद्यांवर, एकमेकांना धरून लटकलेली, फांद्या वाकल्यात वजनाने. एका फुलपाखराचं वजन अर्धा ग्रॅम. अर्धा. किती असतील तर फांदी वाकेल? तिथे बोलायचं नसतं, सगळे कुजबुजतही नव्हते, आणि त्या शांततेत माझाच श्वास केवढ्याने ऐकू येत होता.

मी मनूकडे बघितलं. ती वर बघत होती, आभाळाकडे, ऊन येतंय का ते. कॉलनीपाशी (फुलपाखरांनी भरलेल्या झाडांच्या त्या पट्ट्याला कॉलनी म्हणतात) थांबायचा वेळ ठरलेला असतो, मागून दुसरे ग्रुप येत राहतात. ऊन आलं नाही. मी हळूच म्हटलं, माझ्यामुळे चुकलं तुझं. तर ती म्हणाली, "चालतं गं आई."

हेच. हेच डोक्यातून जात नाहीये, घोडेवाला पोरगा नाही.

ती चिडली असती तर चाललं असतं. "सांगत होते घोडा घे म्हणून," असं म्हणाली असती तर मीही काहीतरी म्हटलं असतं, दहा मिनिटं तोंडं फुगवली असती आणि संपलं असतं. पण "चालतं गं" मध्ये काही शिल्लकच नसतं. तो सूर मला पाठ आहे. मी तो माझ्या आईला वापरलाय, शेवटची पाचसहा वर्षं, स्टेशनच्या जिन्यावर, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात. चालतं गं आई, होऊ दे सावकाश. मला वाटायचं मी किती समजूतदार. आई काही बोलायची नाही तेव्हा मला वाटायचं तिला बरं वाटलं असेल.

मनूला विचारलं पाहिजे का? काय विचारणार? तू आज मला माझ्या आईसारखी वागवलीस असं? ती म्हणेल आई काहीही काय.

परत येताना गाईड बाई बोलत होती आणि मनू मला मराठीत सांगत होती. ही जी वर लटकलीयत ती उन्हाळ्यातल्या फुलपाखरांसारखी नाहीत. उन्हाळ्यातलं दोन ते सहा आठवडे जगतं, अंडी घालतं, संपतं. उन्हाळा सरताना दिवस लहान व्हायला लागतात, थंडी पडते, तेव्हा जी जन्मतात त्यांचं तारुण्यच लांबणीवर पडतं, जोडीबिडी काही नाही, नुसतं खायचं, चरबी साठवायची आणि दक्षिणेला निघायचं, आणि ती आठ महिनेसुद्धा जगतात. कॅनडापासून चार हजार किलोमीटर. एकानेही हा डोंगर आधी बघितलेला नसतो. इथून मागच्या मार्चमध्ये जी गेली ती यांची पणजी, खापरपणजी.

मग मी विचारलं की यातली परत कॅनडाला किती पोचतात. एकही नाही म्हणे. फेब्रुवारी संपता संपता जोड्या जमतात, मार्चमध्ये निघतात, टेक्सासच्या आसपास मिल्कवीड उगवलेलं असतं (आपल्या रुईच्याच कुळातलं, मोडलं की चीक येतो) त्यावर अंडी घालतात आणि तिथेच संपतात. पुढचं पुढच्यांनी बघायचं. गाईड बाईने हे असं सांगितलं जसं बस कुठल्या स्टॉपला थांबते ते सांगावं. मनूने भाषांतर करताना मात्र मध्येच आवाज बारीक केला. मग विषय बदलून तिने आकडे विचारले. तर तिथे फुलपाखरं मोजत नाहीत, किती जमिनीवरची झाडं भरलीयत ते मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात 18 हेक्टर होती. 2023-24 मध्ये 0.9. आख्खं एक हेक्टरही नाही. पुढच्या वर्षी थोडी वाढून 1.79. तिकडे उत्तरेला शेतांतलं मिल्कवीड तणनाशकाने गेलं, इकडे झाडं तोडली, आणि हवामान काहीच्या काही. गाईड बाई लहान असताना म्हणे घराच्या अंगणापर्यंत यायची, मेलेल्यांच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या एक-दोन तारखेला, आणि आजी म्हणायची पाहुणे आले, दार लावू नका. आपली गेलेली माणसंच ती. हे ऐकल्यावर मी आणि मनू दोघी गप्प झालो. दोघींना एकच माणूस आठवलं असणार. बोललो नाही.

वाटेत एक फुलपाखरू खाली पडलेलं होतं, पाऊलवाटेच्या मधोमध, पंख मिटून थरथरत. मला वाटलं गेलं हे. हात लावायचा नसतो. गाईड बाईने काडी पुढे केली, ते चढलं काडीवर, तिने कडेच्या झुडपावर ठेवलं. थरथर थांबेना. मी मनूला म्हटलं थंडी वाजतेय बिचाऱ्याला. तर नाही, ते मुद्दाम थरथरतात. अंगातले स्नायू तापवतात, तेरा-चौदा डिग्रीच्या खाली उडायला होत नाही म्हणून. म्हणजे ते उडायची तयारी करत होतं. आम्ही पाच मिनिटं उभ्या राहिलो. उडालं नाही. पण थांबलंही नाही, थरथरतच होतं. मला तिथून निघवेना. पहिल्यांदाच दिवसभरात थांबायचं कारण माझे गुडघे नव्हते आणि मनूने फोनही काढला नाही.

मग घोड्यांचा थांबा आला. (घोडे कॉलनीपर्यंत जातच नाहीत, अलीकडेच थांबवतात, वरचं चालणं सगळ्यांना चुकत नाही. हे मला सकाळी कुणी सांगितलं असतं तर!) तोच पोरगा बसला होता, दगडावर, गुडघ्यात मान घालून. मला बघून उठला पण काही बोलला नाही, सकाळचं लक्षात असणार. मीच गेले. काबायो, म्हटलं. पोर केवढं हसलं. चौदा-पंधराचं असेल.

उतरताना जिथे झऱ्याचं पाणी वाटेवर येतं तिथे ऊन आलं. फार नाही, दोन-तीन मिनिटं. पाणी प्यायला बसलेली होती ती उघडली, एकदम नारिंगी, शंभर-दोनशे असतील, वरच्या लाखोंपुढे काहीच नाही. मी घोड्यावर असल्यामुळे ती माझ्या तोंडाच्या उंचीला उडत होती, चालणाऱ्यांच्या डोक्यावरून. मला पंखांवरच्या काळ्या शिरा दिसत होत्या. नराच्या मागच्या पंखांवर काळा ठिपका असतो, तोही दिसला. मनू खाली उभी होती तोंड वर करून, आणि तिच्या टोपीवर एक बसलं, तिला कळलंच नाही. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हलली असती.

ऐकू आला का तो पावसाचा आवाज? माहीत नाही. घोडा फुरफुरत होता.

खाली टपरीत निळ्या मक्याच्या केसाडिया खाल्ल्या, हात भाजेस्तोवर गरम. मनूने माझ्याच ताटातला तुकडा तोडून घेतला, नेहमीसारखा, न विचारता. व्हॅनमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली, तोंड उघडं टाकून, टोलनाक्यापर्यंत. खांदा अवघडला पण मी हलले नाही.

दहा तारखेचं तिकीट आहे. फेब्रुवारीअखेर गर्दी आणि ऊन दोन्ही जास्त असतं म्हणे, खालीसुद्धा ढगासारखी उडतात, पण तोवर मी गेलेली असेन. मनू म्हणाली पुढच्या हिवाळ्यात ये. बघू म्हटलं. आले तर तो पोरगा विचारायला यायच्या आधी आणि मनू बोलायच्या आधी मीच सी, हो, म्हणणार आहे. वरचं शेवटचं चालेन तेवढं, पोको आ पोको. आणि ती परत चालतं गं म्हणाली तर म्हणेन की नाही चालत, तू पुढे हो आणि ऊन पडलं की जोरात... नाही, तिथे हाक मारता येत नाही. हात हलव म्हणेन.