तुम्ही विचारलंत म्हणून: कानामागचं बटण

“बाई, तुम्हाला दिसत नाही, मग कानामागचं ते मशीन चालवता कसं?” माझ्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या मॅपिंगसाठी, म्हणजे मशीनचे आवाज मला जुळवून घ्यायला, मिरजेला जाऊन बसले की बाजूच्या खुर्चीवरून हा प्रश्न येतोच. विचारणारी बहुतेक वेळा एखाद्या छोट्याची आई असते, मांडीवर पोर आणि हातात फाइल. सांगलीत विश्रामबागला भाजी घेताना, एसटीत, लग्नाच्या मांडवातही विचारतात. घाईघाईत धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला अशर सिंड्रोम आहे. ऐकायला जन्मापासून कमी. वयात येताना रातांधळेपणा सुरू झाला, मग नजर कडेकडून आकसत गेली. आता उजेड आणि सावली तेवढी कळते. कानातल्या साध्या मशीनचा उपयोग संपला तेव्हा कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं मशीन, करून घेतलं. एक भाग कातडीखाली बसवलेला, त्याच्या बारीक तारा कानाच्या आतल्या शंखासारख्या वळणदार भागात गेलेल्या. बाहेर कानामागे प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपणारं मशीन, त्यातून निघणारी वायर आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल. बाहेरचं हे सगळं मी बोटांनी सांभाळते.

प्रोसेसर हातात घेतला की आधी वर-खाली ओळखायचं. वाकडा आकडा म्हणजे कानावर बसणारं टोक, खालचा जड भाग म्हणजे सेलचा. आकड्यामागे पाठीवर माइकची बारीक भोकं नखाला लागतात आणि त्यांच्याखाली किंचित उचललेलं बटण. कॉइलची जी बाजू डोक्याला लागायची ती सपाट. केस सारून जागेजवळ नेली की ती आपली आपण ओढली जाते. कॉइल काढली की त्या जागेची कातडी मी रोज रात्री बोटाने चाचपते. गरम लागली, हुळहुळली, खळगा जाणवला तर चुंबक जास्त ताकदीचा आहे असं समजायचं आणि ऑडिओलॉजिस्टकडून (मशीन जुळवून देणारे ऐकण्याचे तज्ज्ञ) सौम्य घ्यायचा. हे आरशात बघूनही नीट कळत नाही, बोटाला मात्र लगेच कळतं.

आता एक गोष्ट, जी मला सुरुवातीला कुणी सांगितली नव्हती. मशीन चालू आहे का हे बघायला डोळसांसाठी बारीक दिवा असतो. माझ्यासाठी माइक आहे. मशीन लावून, कॉइल चिकटवून माइकच्या भोकांवरून बोटाचं टोक हलकं फिरवायचं. डोक्यात खरखर उमटली की माइक, वायर, कॉइल, सेल सगळं धड आहे. बटणाला हातसुद्धा लावावा लागत नाही. मला ही खरखर फार प्रिय आहे. सकाळी उठल्यावर पहिला आवाज तोच असतो.

बटणाचं काम त्यानंतरचं. माझ्या मशीनमध्ये ते दाबलं की प्रोग्रॅम बदलतो: एक घरातला, एक गर्दीतला, एक फोनचा. पहिल्याला एकदा टुक, दुसऱ्याला दोनदा टुक असं मोजायचं. ही टुकटुक शेजारच्याला ऐकू जात नाही, कारण ती कॉइलमधून थेट आत येते. नेमकी इथेच खरी अडचण आहे. कॉइल निसटली, वायर तुटली किंवा सेल संपले की टुकटुकही गेली. सेल संपायच्या आधी मशीन इशारा देतं, वायर तुटताना काहीच देत नाही. काय बिघडलंय ते सांगणारा आवाज बिघडलेल्या मशीनमधूनच यायचा असतो, आणि दिवा मला दिसत नाही. अशा वेळी उरतात ती बोटंच. म्हणून त्यांना आधीपासून सगळं ठाऊक हवं. सांगलीच्या एसटी स्टँडवर एकदम सगळं शांत झालं तर तेव्हा शिकायला वेळ नसतो.

तसं झालं की मी आधी जागच्या जागी थांबते, भिंत असेल तर तिला पाठ लावते. माझी काठी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची आहे. डोळे आणि कान दोन्हींची अडचण असलेल्यांची ती खूण, पण फार थोड्यांना माहीत असते, म्हणून इथे मुद्दाम सांगते. मग हात कॉइलवर. ती जागेवर असेल तर वायरची दोन्ही टोकं चिमटीत धरून हळू हलवते. हलवताना आवाज येऊन-जाऊन राहिला तर वायर गेली. दुसरी वायर पर्समध्ये कायम असते, तीही एकाच कप्प्यात. वायर ठीक असेल तर सेल. हा क्रम मी कधी बदलत नाही. घाबरलेल्या माणसाला विचार सुचत नाही, क्रम मात्र आठवतो.

सेलचं थोडं जास्त सांगते. झिंक-एअरचे ६७५ नंबरचे खास इम्प्लांटसाठीचे सेल येतात. त्यांच्या सपाट बाजूला स्टिकर असतो. तो काढला की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो, म्हणून स्टिकर काढल्यावर थोडा वेळ थांबून मगच बसवायचा. नवा आणि संपलेला सेल बोटाला सारखेच लागतात. फरक फक्त स्टिकरचा. म्हणून संपलेला सेल मी परत पाकिटात कधीच ठेवत नाही, तो थेट झाकणाच्या डबीत जातो. घरात लहान मूल असेल तर ती डबी उंचावर हवी, बटणासारखा सेल गिळला तर जिवावर बेततं. बदलायचं काम परातीत रुमाल अंथरून करायचं. सेल हातातून सुटला तरी परातीतच सापडतो.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं होतं. वीज गेलेली, चार्जिंगचे सेल ठप्प. त्या वेळी या झिंक-एअरच्या पाकिटांवर माझं ऐकणं चाललं. आम्ही ज्यांच्या माडीवर आसरा घेतला होता तिथे रात्री मिट्ट काळोख असायचा. सगळे मेणबत्ती शोधायचे, मी मांडीवर रुमाल टाकून सेल बदलून मोकळी व्हायचे. तेव्हापासून चार्जिंगचं मशीन असलेल्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते: साध्या सेलचा कप्पा आणि दोन पाकिटं घरात असू द्या. निदान नदीकाठच्यांनी तरी.

आणि मोबाइलचं ॲप? हा प्रश्न तरुण मुलं विचारतात. ॲपमध्ये आवाज कमी-जास्त होतो, प्रोग्रॅम बदलतो, सेल किती उरलाय तेही कळतं. मीही वापरते. पण काचेला उंचवटा नसतो, आणि माझा मोबाइल मला जे वाचून दाखवतो ते ऐकायला आधी मशीन चालू लागतं. मशीन बंद तर मोबाइलही मुका. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे मोबाइलवरचं बोटांनी वाचता येईल असं उमटवणारं यंत्र, जोडला तर गोष्ट वेगळी, पण तो पर्समध्ये घेऊन किती जण फिरतात? नवीन मशीनमधून बटणं कमी-कमी होत चालली आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. देखणेपणासाठी आमच्यासारख्यांचा आधार काढून घेऊ नये. काही ठिकाणी लहान मुलं चाळा करतात म्हणून बटण सॉफ्टवेअरमधून बंद करून देतात. मोठ्या माणसाचं तसं केलं असेल तर चालू करून मागा, तो तुमचा हक्क आहे.

ऑपरेशनच्या आधी कंपनी निवडताना कुणाच्या आत २२ इलेक्ट्रोड (आतल्या तारेवरची वीज देणारी बारीक टोकं), कुणाच्या १६, कुणाच्या १२, याची चर्चा खूप होते. ती व्हावीच. पण आतला भाग एका कंपनीचा बसला की बाहेरचं मशीनही पुढे त्याच कंपनीचं घ्यावं लागतं, तेव्हा ते मशीन हातात घेऊन, डोळे मिटून बघा. बटण सापडतं का? सेलचा कप्पा उघडतो का? कॉइलपासून वायर सुटते का? वायर नसलेलं, डोक्याला चिकटणारं गोल, एकाच तुकड्याचं मशीनही मिळतं. त्यात वायर तुटायची भीती नाही, पण ते पडलं की सगळंच पडतं, म्हणून दोरी आणि क्लिप लावल्याशिवाय घालू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील तर त्यांची बोटं बटणाला पुरतात का हे आधी तपासा. आमच्या ओळखीच्या एका आजोबांना बटण अंगठ्याने लागायचं, बोटाने नाही. ते समजेपर्यंत घरचे त्यांना हट्टी म्हणत होते.

जाता जाता एक. मेलबर्नला डॉ. ग्रेम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक इलेक्ट्रोडचं आपलं पहिलं इम्प्लांट बसवलं. त्याआधी कानातल्या शंखाच्या वळणात तार शिरवायची कशी हा पेच त्यांना समुद्रकिनारी सुटला: समुद्रातल्या शंखाच्या वेटोळ्यात गवताची पाती सरकवून. टोकाला लवचीक आणि बुडाला ताठ असलेलं पातं आत जात होतं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तिथेही बोटांनीच आधी ओळखलं होतं.

आता मांडीवर पोर घेऊन विचारणाऱ्या आयांसाठी. तुमचं मूल जन्मतः बहिरं असेल, बसायला-चालायला उशीर झाला असेल आणि संध्याकाळी चाचपडत असेल, तर डोळे तपासून घ्या. अशरच्या एका प्रकारात तोल सांभाळणाराही भाग कमजोर असतो, म्हणून मुलं उशिरा चालतात. निदान लवकर झालं तर नजर आहे तोवर हात तयार करता येतात. कॉइल पडली की तुम्ही लगेच उचलून लावू नका, त्याचा हात धरून तिथवर न्या. आधी कॉइल लावायला शिकवा, मग मशीन कानावर चढवायला. सेल बदलणं तुमच्या देखरेखीखाली, मोठं झाल्यावर. बटण सगळ्यात शेवटी. आणि पुढच्या मॅपिंगला ऑडिओलॉजिस्टना सांगा, मशीन समजावताना ते तुमच्या हातात न देता त्याच्या हातात द्या.