'तुंबाड'चा पाऊस शोधायला: सातारा, लिंब, मेणवली

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा हेलपाटा होणार नाही. 'तुंबाड'मधला तो पडका वाडा साताऱ्यात नाही. तो सासवडचा, सरदार पुरंदऱ्यांचा वाडा. आणि ज्या गावाचं नाव सिनेमाला दिलंय ते तुंबाड रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे. वाडाच बघायचा असेल तर सरळ सासवडची वाट धरा.

मग आम्ही लिंब आणि मेणवलीला का गेलो? कारण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हा सिनेमा पुन्हा थिएटरला लागला तेव्हा आम्ही तिघांनी तो एकत्र पाहिला. मी, माझे वडील अण्णा आणि पुण्यात कॅमेऱ्याचं काम शिकणारी पुतणी. बाहेर पडल्यावर पुतणी पावसाबद्दल बोलत होती आणि अण्णा विहिरीबद्दल. अण्णा म्हणाले, "आरं, आडात उतरायचं म्हंजी काय आस्तंय ते ह्या लोकांना ठावं हाय." अण्णांनी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शेतात वयाच्या बाराव्या वर्षापासून मोट हाकली आहे, म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी ओढणारी चामड्याची मोठी पिशवी. त्यांना लिंबची बारामोटेची विहीर दाखवायची, तीही भर पावसात, असं त्याच दिवशी ठरलं. जमलं मात्र पुढच्या वर्षीच्या श्रावणात.

सकाळी सातला पोवई नाक्यावरून गाडी काढली. पुण्याच्या दिशेने हायवेला लागायचं आणि आनेवाडीच्या टोलनाक्याआधीच लिंब फाट्याला आत वळायचं. फाट्यापासून विहीर तीनेक किलोमीटर. शेवटचा रस्ता शेतांमधून जातो आणि अरुंद आहे. समोरून उसाची ट्रॉली आली तर मोठ्या गाडीला मागं घ्यावं लागतं, म्हणून जमल्यास दुचाकी किंवा छोटी गाडी न्या. पाण्याची बाटली आणि थोडं खायला सोबत ठेवा.

गाडीत पुतणीने सिनेमाची जन्मकथा सांगितली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने रात्री एक गोष्ट सांगितली. ती भयकथाकार नारायण धारपांची कथा होती. बर्वे यांनी पहिला खर्डा लिहिला तो १९९७ मध्ये, म्हणजे ऐन अठराव्या वर्षी. पुढे तब्बल सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला. निर्माते आले, गेले. सोहम शाह मागे उभे राहिले तेव्हा २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, पण संकलनाच्या टेबलावर लक्षात आलं की हवं ते हाती लागलेलं नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा चित्रित केलं, ते २०१५ पर्यंत. पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ ला. नाव घेतलं श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. कथेचा मात्र त्या कादंबरीशी संबंध नाही.

धारपांचं नाव ऐकताच अण्णा मागच्या सीटवरून पुढे वाकले. वाचनालयातून धारपांची पुस्तकं आणून कंदिलाच्या उजेडात वाचणारी ती पिढी. "धारप रात्री वाचला की परसाकडं एकट्यानं जायाची सोय नव्हती," म्हणाले. मला मनापासून वाटतं, धारपांना आपल्या साहित्यात जी खुर्ची मिळायला हवी होती ती मिळाली नाही. एका मुलाच्या डोक्यात पंचवीस वर्षं राहून जी गोष्ट शेवटी व्हेनिसच्या महोत्सवात क्रिटिक्स वीकचं उद्घाटन करते, तिचं मूळ आपल्या वाचनालयातल्या फाटक्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांत आहे, हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं.

विहिरीपाशी पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. वरून पाहिलं तर विहिरीचा आकार शिवलिंगासारखा दिसतो: मोठी अष्टकोनी विहीर, तिला जोडून लांबट धाकटी विहीर आणि दोन्हींच्या मधोमध दगडी महाल. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली, इथल्या आमराईला पाणी द्यायला. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. एका वेळी बारा मोटा चालत, म्हणून बारामोटेची.

अण्णा आधी खाली उतरलेच नाहीत. वरच्या कडेला मोटेच्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि हातवारे करून पुतणीला शिकवू लागले. मोटेला दोन दोर. जाड तो नाडा, तो वरच्या चाकावरून जातो आणि सगळं वजन पेलतो. बारीक तो सोंदूर, तो मोटेची सोंड धरून ठेवतो. बैल धावेवरून उताराला चालले की मोट वर येते, सोंदूर सोंड खाली ओढतो आणि पाणी भडभडा थारोळ्यात पडून पाटाला लागतं. मग बैल उलट्या पावली मागं आणायचे. "बारा जोड्या एकदम," अण्णा म्हणाले, "आवाज कसला झाला आसंल!" एवढं बोलून ते बराच वेळ गप्प उभे राहिले. एका जागी दगडाची कड झिजून गुळगुळीत झाली होती. त्यांनी तिच्यावर अंगठा घासून पाहिला आणि पुतणीलाही पाहायला लावला.

मग पायऱ्या. रुंद आहेत, पण श्रावणात त्यांच्यावर हिरवट साय चढते. चप्पल घालून उतरू नका, पकड असलेले बूट हवेत. अण्णांना दोन्ही बाजूंनी धरून, एकेक पायरी मोजत उतरलो. दारावर शरभाची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची शिल्पं आहेत. आत महालाच्या खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडेस्वार कोरलेत. भिंतीतून वर जाणारे अरुंद जिने आहेत, तिथे दिवसाही अंधार असतो. मोबाइलच्या उजेडावर भागवू नका, एक हात भिंतीला लावायला मोकळा पाहिजे. डोक्याला बांधायची बॅटरी उत्तम.

आम्ही महालाच्या कमानीत असतानाच पाऊस सुरू झाला.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. आधी वरच्या झाडांत सळसळ झाली. मग पाण्यावर एक ठिपका, दोन, आणि मग सगळं पाणी तडतडायला लागलं. आवाज खालून वर येत होता. कोनाड्यांतले पारवे एकदम उडाले आणि त्यांच्या पंखांचा फडफडाट भिंतीला आपटून दोनदा ऐकू आला. उजेड काळा नाही की करडा नाही, शेवाळाच्या रंगाचा झाला. समोरच्या भिंतीच्या फटीतून पिंपळाचं रोप आलं होतं, त्याची मुळं दगड धरून खाली पसरली होती. पुतणी माझा दंड धरून म्हणाली, "काका, ती म्हातारी." सिनेमाचा नायक विनायक वर्षांनी वाड्यात परततो तेव्हा त्या शापित म्हातारीच्या अंगातून झाड उगवलेलं असतं आणि ती अजून जिवंत असते. ते दृश्य कल्पनेतून आलंय हे मला कळत होतं. पण असा पिंपळ ज्याने विहिरीच्या भिंतीत पाहिलाय त्यालाच ते सुचू शकतं.

इथे पुतणीने आम्हाला ती म्हातारी कोण होती ते सांगितलं. विनायकच्या मुलाची, पांडुरंगची भूमिका करणारा मोहम्मद समद, त्याच पोराने म्हातारीही केली आहे. सगळं अंग प्रोस्थेटिक मेकअपखाली. अण्णांना ते पटेना. "ते बारकं पोरगं?" त्यांनी तीनदा विचारलं. मलाही दोनदा सिनेमा पाहून संशय आला नव्हता.

आणि पावसाचं कोडंही तिथेच उलगडलं. यंत्राने पाडलेला पाऊस कॅमेऱ्यापुढच्या तेवढ्याच पट्ट्यात पडतो. मागचे डोंगर, लांबची झाडं कोरडी राहतात, वर ऊन असलं तर सावल्याही पडतात. 'तुंबाड'मध्ये गाव दिसतं तेव्हा क्षितिजापर्यंत सगळं भिजलेलं असतं, कारण तो खरा पाऊस आहे. एक पावसाळा संपला की पुढच्यासाठी थांबायचं, असे एकामागून एक पावसाळे. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाला फिल्मफेअर मिळालं, कलादिग्दर्शनाला आणि ध्वनीलाही मिळालं. पुतणीने तिथे चाळीस सेकंदांचा एक शॉट घ्यायचा प्रयत्न केला. लेन्सवर थेंब, पुसेपर्यंत उजेड बदललेला, पुन्हा लावलं तर पाऊस थांबलेला. वीस मिनिटांत तिच्या हाती एक धड शॉट लागला नाही. रुमाल पिळत ती म्हणाली, "आणि त्यांनी सगळं गाव असं काढलंय."

पावसात इथे जाणार असाल तर कॅमेऱ्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि तीन-चार सुके सुती रुमाल न्या. पाण्याच्या अगदी जवळच्या पायऱ्यांवर जाऊ नका, पावसाळ्यात पाणी वर असतं आणि काठावर धरायला काही नाही. लहान मुलांचा हात क्षणभरही सोडू नका. खांबांवर नावं कोरणारे लोक दिसले तर त्यांना जरूर हटका. अण्णांनी एका पोराला हटकलं. पोरगा ओशाळला आणि खिशात किल्ली घालून निघून गेला.

दुपारी पुन्हा हायवेला लागून पाचवडवरून वाईकडे वळलो. एसटीने येणाऱ्यांसाठी सातारा-वाई गाड्या दिवसभर असतात, वाईहून मेणवली तीन किलोमीटर, रिक्षा मिळते. वाईत जेवण केलं, त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही. ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन मेणवली गाठली.

नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकांचा. आत पाऊल टाकलं की 'तुंबाड'च्या घरांतला तो दमट अंधार ओळखीचा वाटतो: जाड भिंती, लाकडी खांब आणि चौकातून उभा पडणारा एकच उजेड. पुतणीने चौकाच्या कडेला अण्णांना बसवून फोटो घेतला. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी पूर्ण काळी. बाहेरचा कुठलाही दिवा न लावता. वाडा खासगी आहे, तेव्हा विचारूनच आत जा आणि बंद खोल्यांच्या कड्या हलवून पाहू नका.

मागे उतरलं की कृष्णेचा घाट. 'स्वदेस'मुळे हा घाट पुष्कळांना ओळखीचा आहे. मेणेश्वराच्या देवळाजवळ छोट्या घुमटीत पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली, तिच्यावर १७०७ साल आहे. आम्ही तिला टोल दिला नाही, तुम्हीही देऊ नका. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली तरी पोटातून हुंकार येतो. पुतणीने कान लावून ऐकलं आणि येस्पर किडची गोष्ट काढली. 'तुंबाड'चं पार्श्वसंगीत या डॅनिश संगीतकाराचं आहे, आधी व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी गाजलेला माणूस. परका असून त्याला आमच्या पावसाचा आवाज कसा सापडला, याचं मला फार कौतुक वाटतं.

साडेपाचला निघालो. पावसाळ्यात घाटावर अंधार लवकर पडतो, त्यामुळे एसटीने येणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ वाई स्टँडवर उतरल्याबरोबर विचारून ठेवा. एका दिवसात दोन्ही ठिकाणं आरामात होतात, फक्त क्रम हाच ठेवा. सकाळी विहिरीत उजेड तिरपा उतरतो आणि वाड्याला दुपारनंतरचा उजेड मानवतो.

पाचवडला चहाला थांबलो तेव्हा पुन्हा पाऊस लागला होता. अण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि पुतणीला म्हणाले, "ते धारपाचं पुस्तक वाचनालयात मिळतंय का बघ उद्या. आन् मोठ्या टायपातलं बघ, मला चष्म्यानं दिसत न्हाई."