माझे अंतर मला कळेपर्यंत

टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून 100 मीटरवर तीन गोळ्या 3 सेंटीमीटरांत बसवता आल्या, तेव्हा हरणाच्या शिकारीसाठी आपण तयार झालो, असे मला वाटले. मला शिकवणाऱ्या जुन्या शिकाऱ्याने पिशवी काढून घेतली आणि उभ्याने नेम धरायला सांगितले; त्या तीन गोळ्या 30 सेंटीमीटरांतही मावल्या नाहीत.

हरणाचे हृदय व फुप्फुसे मिळून सुमारे 20 सेंटीमीटर व्यासाचे लक्ष्य होते. तेवढाच कागदी गोल लावून मी चार महिने सराव केला आणि ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या गोलात बसतील, तेच त्या पवित्र्यातले माझे अंतर, असा नियम ठरवला. उभ्याने ते 50 मीटर भरले, बसून 120 आणि झोपून 200. रायफल 100 मीटरवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम धरलेल्या बिंदूवरच गोळी लागेल अशी जुळवलेली, असल्याने 200 मीटरवर गोळी साधारण 10 सेंटीमीटर खाली जात असे, आडवा वारा तिला आणखी बाजूला नेत असे. त्यापुढे जाण्याचा मोह मी सोडला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो चाप दाबताना धक्क्याच्या अपेक्षेने दचकण्याची सवय मोडण्यात. माझ्या नकळत तो शिकारी अधूनमधून बनावट काडतूस भरत असे आणि गोळी न सुटताही नळी खाली झुकलेली मला स्पष्ट दिसे. अर्धा श्वास सोडून, तो थांबवून, चाप हळूहळू दाबत राहणे अंगवळणी पडायला कित्येक आठवडे लागले.

शिकारीच्या पहिल्या दिवशी एक नर टेकडीच्या माथ्यावर उभा राहिला. अंतर माझ्या आवाक्यातले होते, परंतु त्याच्या मागे केवळ आकाश होते, आणि चुकलेली गोळी 3 किलोमीटरहून अधिक लांब जाऊ शकते, म्हणून मी रायफल खाली घेतली. तो निर्णय मला आजही नेमक्या गोळीइतकाच मोलाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी दुसरा नर 90 मीटरवर आला, पण तोंड माझ्याकडे करून. मी बसून वाट पाहिली. त्याने अंगाची बाजू माझ्याकडे वळवल्यावर, मागे मातीचा उतार आहे आणि दुसरे जनावर नाही हे पाहून, पुढच्या पायाच्या किंचित मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागावर नेम धरून चाप दाबला. तो उसळून झाडीत गेला. मी लगेच दुसरे काडतूस चढवले, तो उभा होता ती जागा एका खडकावरून लक्षात ठेवली आणि अर्धा तास हललो नाही, कारण घाईने पाठलाग केल्यास जखमी जनावर दूर निघून जाते. तेथे फेसाळ, फिकट लाल रक्त सापडले, म्हणजे गोळी फुप्फुसांत लागली होती. साठ पावलांवर तो पडलेला होता. मागच्या बाजूने जाऊन मी काठीचे टोक त्याच्या डोळ्याला लावले, पापणी हलत नाही याची खात्री केली आणि मगच रायफल रिकामी केली.