विस्मरणावरची गोळी धमन्यांसाठी चालेल का?

डोनेपेझिल, गॅलँटामाइन आणि रिव्हास्टिग्मिन ही अल्झायमरवरची जुनी औषधं आहेत. अॅसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचे निरोप पोहोचवणारं रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला ती अडवतात, म्हणून ते जास्त टिकतं. पण अॅसिटिलकोलीन काही फक्त मेंदूत नसतं. मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर त्याचा अल्फा-7 निकोटिनिक रिसेप्टर (त्याचा निरोप झेलणारी जागा) असतो आणि तो चेतवला की टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं कमी सुटतात. केविन ट्रेसी यांच्या गटाने 2003 मध्ये हे दाखवलं. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल गिळून फुगणाऱ्या आणि दाह पेटता ठेवणाऱ्या पेशीही मॅक्रोफेजच. दाह कमी केला तर हार्ट अटॅक कमी होतात, हे 2017 च्या कँटोस चाचणीने सिद्ध केलं. त्यातल्या कॅनाकिनुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हललंसुद्धा नव्हतं. म्हणजे तर्क भक्कम आहे.

माणसांमधला पुरावा मात्र अजून तोकडा आहे. 2013 मध्ये स्वीडनमधल्या अल्झायमरच्या सुमारे 7,000 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही औषधं घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक किंवा मृत्यूचा धोका सुमारे 34 टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोहात पाडतो, पण ज्यांची नाडी मंद किंवा तब्येत नाजूक, त्यांना डॉक्टर बहुधा ही गोळी सुरूच करत नाहीत. साहजिकच ती घेणारा गट मुळातच थोडा धडधाकट असतो. हिशेबात हा फरक पूर्ण पुसता येत नाही. 2017 मध्ये मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (पोटाचा घेर, बीपी, साखर, चरबी असं एकत्र वाढलेल्या) 60 रुग्णांना गॅलँटामाइन (4 आठवडे 8 मिग्रॅ, पुढचे 8 आठवडे 16 मिग्रॅ) किंवा प्लासिबो (औषध नसलेली गोळी) दिलं; गॅलँटामाइनने टीएनएफ आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिनला शरीराने दाद न देणं) घटले. चाचणी चोख होती, पण ती रक्तातल्या खुणांची होती. हार्ट अटॅक टळतात का, हे एवढ्या लहान चाचणीतून कळत नाही.

माझ्या मते खरी अडचण सुरू होते ती नाडीपाशी. हेच अॅसिटिलकोलीन हृदयाचे ठोके ठरवणाऱ्या सायनस नोडलाही मंदावतं. ज्यांच्या धमन्यांसाठी हे औषध हवं, त्यांच्यातले बरेच जण आधीच मेटोप्रोलोलसारखा बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारं औषध, घेत असतात. दोन्ही एकत्र आले की नाडी 50 खाली जाऊ शकते, चक्कर येते, माणूस कोसळतो. वयस्कर माणसाचं खुब्याचं हाड मोडलं, तर धमनीच्या संभाव्य फायद्याला काय अर्थ? शिवाय डोनेपेझिलचं अर्धायुष्य सुमारे 70 तास. गोळी बंद केली तरी असर उतरायला काही दिवस लागतात.

म्हणून धमन्यांसाठी आज डोनेपेझिल मागू नका. स्टॅटिन आणि बीपीची गोळी चालू राहू द्या. घरात कुणी अल्झायमरसाठी डोनेपेझिल घेत असेल, तर सुरू करण्याआधी ईसीजी काढला होता का, ते विचारा. 5 मिग्रॅवरून 10 वर जाताना, म्हणजे साधारण 4 ते 6 आठवड्यांनी, बसलेलं असताना पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. हृदयाच्या डॉक्टरांना ही गोळी नावासकट सांगा. नाडी 50 खाली दिसली किंवा भोवळ आली, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा; शुद्ध हरपली तर थेट रुग्णालय गाठा.