घरीच असायच्या

"आईच्या जिवाचे पैसे मागायला मन कसं धजलं गं तुझं?" आत्याने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं. आता ज्यांच्या घरात असाच घाला पडलाय, ती माणसंही फोनवर चाचरत हेच विचारतात. गावात तर 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी' असंही कुणीतरी बोललं होतं. ते कानावर आल्यावर अप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत. आईच्या अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा का केला, असं तुम्हीही विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

डिसेंबर 2018 मध्ये, सकाळी साडेसहाला, डेअरीवर दूध घालायला चाललेल्या आईला मागून आलेल्या टेम्पोने उडवलं. ती 47 वर्षांची होती. त्या सकाळबद्दल याहून जास्त माझ्याने लिहवत नाही.

क्लेम करायचं आमच्या डोक्यातही नव्हतं. तेराव्यानंतर घर चालवायला घेतलं तेव्हा एकेक उमगायला लागलं. पहाटे साडेचारला उठून दोन म्हशींचं शेण-वैरण, धारा, मग चुलीवर पाणी, धाकट्या भावाचा डबा, अप्पांची न्याहारी, द्राक्षबागेत छाटणी किंवा विरळणी असली की दहा-बारा माणसांच्या भाकरी. मी सांगलीचं कॉलेज सोडून घरी आले. धारेला मी बसले तर म्हैस पान्हाच सोडेना. आईचं लुगडं नेसून बसले तेव्हा जरा सोडला. शेवटी अप्पांनी दोन्ही म्हशी विकल्या. डेअरीचं दहा दिवसांचं बिल बंद झालं आणि त्याच बिलावर धाकट्याच्या क्लासची फी जात होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे अशी भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात, अर्ज केला. ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा चालतो. तो निकाली निघण्याची वाट दाव्याला पाहावी लागत नाही.

टेम्पोच्या विमा कंपनीचं पहिलं म्हणणं असं की मयत रस्त्याच्या मधून चालत होत्या, चूक त्यांचीही आहे. तिथे घटनास्थळ पंचनामा कामी आला. त्यात एक ओळ होती: डांबरी कडेपासून तीन फूट बाहेर, कच्च्या साइडपट्टीवर, अॅल्युमिनियमची चेपलेली किटली व सांडलेले दूध. आई कुठून चालली होती ते त्या दुधाने सांगितलं. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली आहे की पंच नेमका कुठे उभा राहून बोलला असेल, तेही मला दिसतं.

दुसरं म्हणणं उत्पन्नाचं. उलटतपासात कंपनीच्या वकिलांनी अप्पांना विचारलं, "मयत काय कामधंदा करत होत्या?" अप्पा म्हणाले, "काही नाही. घरीच असायच्या." लगेच टाइप झालं: हे म्हणणे खरे आहे की, मयत घरीच असायच्या. डेअरीचं पुस्तक अप्पांच्या नावावर, सातबारा अप्पांच्या नावावर. आईने काही कमावलं, असा एक कागद आमच्याकडे नव्हता. परतीच्या एसटीत अप्पा तासगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते.

त्याआधी लोकअदालतीत कंपनीवाले 4 लाखांवर तडजोड करा म्हणत होते. हातात पडतंय ते घ्या, असं आमच्यातलेच काहीजण म्हणाले. कंपनीचा आधार 2001 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. जमशेदपूरला 1989 मध्ये लागलेल्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाचं मोल त्यात महिना 3,000 धरलं होतं. पण जानेवारी 2021 मध्ये त्याच न्यायालयाचा कीर्ती खटल्यातला निकाल आला. बाई घरात दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि पुरुष 97, हा सरकारी पाहणीतला आकडा त्यात घेतलाय. गृहिणीचं उत्पन्न ठरवताना पुढच्या वाढीचाही हिशेब धरावा, असंही त्यात आहे. आमच्या वकिलांनी त्याची प्रत पुढच्या तारखेला हजर केली.

2022 च्या अखेरीस निकाल लागला. आईचं काम महिना 9,000 धरलं, म्हणजे वर्षाला 1,08,000. त्यात वाढीचे 25 टक्के मिळवून 1,35,000. मयत स्वतःवर खर्च करते म्हणून तिसरा हिस्सा वजा, राहिले 90,000. वय 47, म्हणून गुणक, म्हणजे किती वर्षांचं उत्पन्न धरायचं तो आकडा, 13. झाले 11,70,000. सहवास गमावल्याचे तिघांचे प्रत्येकी 44,000, अंत्यविधीचे आणि संपदेच्या हानीचे 16,500-16,500. एकूण 13,35,000 आणि व्याज. तिसऱ्या हिश्शाची ओळ वाचताना मात्र मला रडू आलं. चार वर्षं एकच चप्पल शिवून घालणारी बाई, ती कसला तिसरा हिस्सा खर्च करत होती!

आत्याला मी हेच सांगितलं, की आईच्या जिवाला कुणी किंमत लावली नाही. ती रोज जे करत होती, ते काम होतं, आणि ते एका माणसाच्या बेदरकारपणामुळे थांबलं, एवढंच कोर्टाने लिहिलं. ते लिहून घेणं आम्हाला गरजेचं होतं.

ज्यांच्यावर आत्ता वेळ आली आहे त्यांच्यासाठी: 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे, तेव्हा दिवसकार्य उरकलं की एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती काढा. पंचनामा नीट वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका. निम्मी रक्कम माझी असं सांगणारे भेटतील. अशी टक्केवारी वकिलीच्या नियमांत बसतच नाही. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृताच्या घरच्यांना 2 लाखांची तरतूद आहे. पूर्वी ती 25 हजारच होती.

आमच्या रकमेतला मोठा भाग कोर्टाने मुदत ठेवीत ठेवायला लावला. उरलेल्यातून माझं अर्धवट राहिलेलं शिक्षण झालं. गेल्या वर्षी धाकट्याचं लग्न झालं, गोठ्यात पुन्हा एक म्हैस आली. अप्पा स्वतः डेअरीवर गेले आणि दुधाचं खातं भावजयीच्या नावावर काढून आले.