आमची वाटचाल : भिंत, डिजिटल आणि बंधाऱ्याचा आकडा

1975 च्या पावसाळ्यानंतर आमच्या वडिलांना, आण्णांना, पहिलं मोठं काम मिळालं. मजकूर देवी या साथीच्या रोगाबद्दल, एका ओळीचा होता : "देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा." राधानगरी आणि करवीर तालुक्यातल्या गावांत चावडीच्या, शाळेच्या, तालमीच्या भिंतीवर तो लिहायचा. भोगावती काठच्या आमच्या गावातून ते पहाटे सायकलवर निघायचे. हँडलला चुन्याची बादली, पिशवीत गेरू, निळीची पुडी आणि तीन ब्रश. शिडी ज्या गावची भिंत त्याच गावात मागून घ्यायची. सुतळीला खडू चोळून ती भिंतीवर ताणायची आणि मधोमध धरून सोडायची, की सरळ रेघ उमटते. अशा दोन रेघांत अक्षर बसवायचं. "अक्षर असं पायजे, की बैलगाडीवाल्यानं कासरा न ओढता वाचलं पायजे," हे त्यांनी पुढं आम्हालाही शिकवलं.

ते हजार रुपये आण्णांच्या माहितीत कुणालाच मिळाले नाहीत. रोगी उरलाच नव्हता. देशात लागण झालेला शेवटचा रोगी त्याच वर्षीच्या मे महिन्यात सापडला होता, आणि एप्रिल 1977 मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आण्णांच्या दंडावर टोचल्याचा वण होता. माझ्या मुलांच्या दंडावर तो नाही. आमच्या धंद्याची सुरुवात अशा कामानं झाली याचा मला फार अभिमान वाटतो, म्हणून वाटचाल तिथूनच सांगतोय.

1979 साली आण्णा कोल्हापुरात आले. व्हीनस कॉर्नरजवळ एका बोळात दहा बाय बाराची खोली भाड्यानं घेतली, बाहेर 'बोर्ड पेंटर' असं लिहिलं. काम मिळायचं शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांचं आणि शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांचं. दुकानाची पाटी, टेम्पोच्या मागचं नाव, ऑइल इंजिनाची भिंतीवरची जाहिरात. शाहूपुरीची बाजारपेठ शाहू महाराजांनी 1895 साली वसवली. तिथं रस्ते आणि जागा आधी आखल्या गेल्या, मग व्यापारी आले, मग गूळ आला, आणि त्यांच्या पाट्या रंगवायला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी आमचे आण्णा आले.

हा क्रम माझ्या डोक्यात पक्का बसवला तो आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं. शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे सर. एका परिसंवादाचा कापडी फलक करून घ्यायला आले होते आणि रंग वाळेपर्यंत दुकानात बसले. मी तेव्हा कॉलेजात होतो. सरांनी विचारलं, "तुमच्या या पाटीचा खरा मालक कोण?" मी म्हटलं, ज्यानं पैसे दिले तो अडत्या. सर म्हणाले, "पाटी त्याची. पण ती वाचणारा माणूस कुणी दिला?"

त्यांनीच मग सांगितलं. कोल्हापूर संस्थानात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम निघाला. शाळा, मास्तर, पाट्या-पेन्सिली, सगळा खर्च तिजोरीतून. एक पोरगं वाचायला शिकलं की त्याचा फायदा त्याच्या घरापुरता राहत नाही. पत्र लिहिणाऱ्याला होतो, वर्तमानपत्रवाल्याला होतो, औषधाची बाटली विकणाऱ्याला होतो. आणि बोर्ड पेंटरला तर सगळ्यात जास्त. अडाणी गावात आण्णांच्या सुंदर अक्षराला दमडीची किंमत नसती. वाचणारं गिऱ्हाईक आम्ही विकत घेतलेलं नाही. ते कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या कर भरून तयार केलंय, आणि आम्ही त्याच्यासमोर फक्त पाटी धरतो.

अशा वस्तूंना अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात. सरांनी ओळख पटवायच्या दोन खुणा सांगितल्या. एकानं वापरली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला बाहेर ठेवता येत नाही. देवी गेली ती सगळ्यांची गेली, कर भरणाऱ्याची आणि न भरणाऱ्याचीही. रस्त्यावरचा दिवा खालून जाणाऱ्या प्रत्येकाला उजेड देतो. शाळेच्या वर्गातून एखाद्याला बाहेर ठेवता येतं, तेव्हा शाळा या व्याख्येत काटेकोर बसत नाही, पण तिचा फायदा भिंतीबाहेर सांडतो म्हणून तिलाही समाजानंच पोसावं लागतं. आता अडचण अशी, की ज्याचे पैसे गल्ल्यात येत नाहीत ते काम दुकानदार कशाला करेल? म्हणून ते वर्गणीनं, करानं किंवा राजाच्या हुकमानं व्हावं लागतं.

आणखी एक वाट आहे, आणि ती आमच्या धंद्यातून जाते. रेडिओ घ्या. हवेतून येणारा आवाज कुणाला द्यायचा, कुणाला नाही, हे ठरवता येत नाही. आमच्या लहानपणी रेडिओचं लायसन असायचं, त्याची फी दरवर्षी पोस्टात भरायची. दुसरीकडं विविध भारतीवर 1967 पासून जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या 1976 मध्ये आल्या. साबणवाल्यानं पैसे भरले आणि गाणी सगळ्यांनी ऐकली. वर्तमानपत्राचंही बरंचसं गणित असंच, आणि आज मोबाइलवर जे फुकट म्हणून मिळतं त्याचंही. फुकट यातलं काहीच नाही. साबणाच्या वडीत ते पैसे धरलेले असतात. पण जाहिरातीमुळं ऐकणाऱ्याकडून फी न घेताही एखादी गोष्ट घरोघरी पोचू शकते, ही आमच्या धंद्याची मोठी सेवा आहे असं मी मानतो.

त्याच धंद्याची दुसरी बाजू मी स्वतः अनुभवली. 1990 नंतर रेडियम कटिंग, म्हणजे चिकटणाऱ्या रंगीत प्लॅस्टिकातून अक्षरं कापणं, आलं, ब्रशची कामं निम्म्यावर आली. 2004 साली आम्ही कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन घेतलं. कोल्हापुरात फ्लेक्स कुणी म्हणत नाही, 'डिजिटल' म्हणतात. सुरुवातीला स्क्वेअर फुटाला पंचवीस-तीस रुपये मिळायचे. पाच-सहा वर्षांत मशीनं इतकी झाली, की दर आठ-दहावर आला. दर पडला तसा वाढदिवसांचा पूर आला. पेठेतल्या प्रत्येक चौकात डिजिटल, प्रत्येकावर चाळीस फोटो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालायचं, शाईच्या वासानं पोरांचं डोकं धरायचं. पैसा मिळाला, ते नाकारत नाही. आमच्या दोन बहिणींची लग्नं त्यातूनच झाली.

पण चौकाकडं बघवेना. एका चौकात एक फलक असला की माणूस वाचतो, तीस असले की एकही वाचत नाही. नजर हीसुद्धा सगळ्यांच्या मालकीच्या गायरानासारखी आहे, प्रत्येकानं आपली चार जनावरं सोडली की गवत संपतं. शिवाय त्या फलकाला किंमत कशामुळं येते? दाभोळकर कॉर्नरवरचं होर्डिंग महाग आणि गावाबाहेरचं स्वस्त, ते लोखंडामुळं नव्हे. समोरचा रस्ता, सिग्नल, एसटी स्टँड, रात्रीचे दिवे, यातलं काहीही होर्डिंगवाल्यानं बांधलेलं नाही. म्हणून परवान्याची फी महापालिकेनं घ्यावी, नीट घ्यावी आणि बुडवू देऊ नये, असं मी आमच्या व्यवसायाच्या बैठकांतही सांगत आलोय. काही जण नाराज होतात. मुंबई उच्च न्यायालयानं 2017 मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध कडक आदेश दिले, त्यानंतर आम्ही परवान्याचा कागद बघितल्याशिवाय चौकातलं डिजिटल छापणं बंद केलं. त्या वर्षी उलाढाल तिसऱ्या हिश्श्यानं घटली. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा आम्ही उभ्या केलेल्या प्रत्येक सांगाड्याची इंजिनिअरकडून पुन्हा तपासणी करून घेतली. दोन काढून टाकले.

सरांनी गालब्रेथ या अर्थशास्त्रज्ञाचं नाव सांगितलं होतं. ते 1961 ते 1963 भारतात अमेरिकेचे राजदूत होते. त्यांचं म्हणणं असं, की ज्या वस्तू विकल्या जातात त्यांच्या मागं जाहिरातीची ताकद उभी असते, ती माणसाला गरज वाटायला लावते. गटार, बाग, शाळा यांच्या मागं तशी ताकद नसते. म्हणून घरात वस्तू वाढत जातात आणि घराबाहेरचं सगळं मागं पडतं. मी आमच्या ऑर्डरच्या वह्या काढून बघितल्या. मोबाइल, सोनं, क्लास, फ्लॅट, नेत्यांचे वाढदिवस. भुयारी गटाराची ऑर्डर एकही नाही.

कोल्हापूर शहराच्या आतल्या रस्त्यांवर टोल लावला होता; त्याविरुद्धच्या आंदोलनात मात्र शहर रस्त्यासाठी उठलं. फलक आमच्याकडून गेले, काहींचे पैसे आम्ही घेतले नाहीत. 2015 च्या शेवटी टोल रद्द झाल्याचं जाहीर झालं तेव्हा आण्णा म्हणाले, "रस्ता फुकट झाला असं समजू नकोस. नाक्यावर द्यायचे ते आता करातनं जाणार." मला ते पटलं. शहराच्या आतल्या रस्त्याला नाका लावणं मला आजही चूकच वाटतं, पण तो रस्ता कुणाच्या तरी खिशातून होतो हे विसरून चालत नाही.

आता 2019 सांगतो. ऑगस्टचा पहिला आठवडा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात; 39 फूट इशारा, 43 फूट धोका. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि किती उघडले त्याची बातमी तासाभरात शहरात पोचते. आकडे आम्हीही बघत होतो, पण "आपल्या बोळात पाणी यायचं नाही" असं धरून बसलो. पातळी 55 फुटांच्या वर गेली. मशीन तळमजल्यावर होतं. शटरच्या वर पाणी चढलं. मशीनचे हेड, तीस रोल, आण्णांच्या हातची पन्नास-साठ अक्षरांची स्टेन्सिलं, सगळं गेलं. शिरोलीला पाण्यामुळं महामार्ग जवळपास आठवडाभर बंद होता, त्यामुळं शाई, सुटे भाग काही येईना. पंपिंग स्टेशन बुडाल्यानं नळाला पाणी नव्हतं. सगळं शहर पाण्यात आणि आम्ही घागर घेऊन टँकरच्या रांगेत. पेट्रोल संपलं, भाजी संपली. त्या आठवड्यात कळलं, आपला धंदा कशावर उभा आहे ते. आमच्या हिशेबाच्या वहीत महामार्ग, पंप, धरण असा खर्चच नव्हता कधी.

आण्णा चिखलातून एक स्टेन्सिल धुऊन बघत होते, पत्रा वाकला होता. मला म्हणाले, "आकडा रोज येत हुता. आपण वाचला न्हाई."

जुलै 2021 मध्ये पुन्हा तसंच चढू लागलं. या वेळी 38 फुटांवरच आम्ही मशीन सोडवलं, आठ माणसांनी जिन्यानं वर चढवलं. पाणी दुकानात आलं, मशीन वाचलं. बंधाऱ्यावर रात्रभर जागून पट्टी वाचणाऱ्या त्या कर्मचाऱ्याला मी ओळखत नाही. त्याच्या एका आकड्यानं माझे लाखो रुपये वाचवले, शेजारच्या किराणावाल्याचे वाचवले, आणि दोघांनाही त्याचं बिल आलं नाही. आकडा मी वाचला म्हणून शेजाऱ्याचा कमी झाला नाही. सरांच्या दोन्ही खुणा त्यात होत्या.

तेव्हापासून दुकानात एक नियम आहे. महिन्यातले दोन दिवस आमचे कारागीर ज्याला गिऱ्हाईक नाही अशा गोष्टीची जाहिरात करतात. साहित्य आमचं, भिंत लोकांची. आतापर्यंत लसीकरणाचं वेळापत्रक, रंकाळ्याकाठी प्लॅस्टिक न टाकण्याबद्दल, जिल्हा परिषदेच्या शाळांची नावं, पुराच्या वेळी कुठल्या शाळेत निवारा असतो त्याचे बाण, असं काम झालंय. सगळं ब्रशनं, डिजिटल नाही. त्यासाठी पुन्हा दोन बोर्ड पेंटर नेमले. दोघेही पन्नाशीच्या पुढचे, रेडियम आल्यावर हा धंदा सोडून एक रिक्षा चालवत होता आणि एक वॉचमन झाला होता. परवानगी काढायला वेळ लागतो. पण एका शाळेच्या भिंतीवर नाव रंगवून झाल्यावर त्या गल्लीतल्या तीन आयांनी आत जाऊन प्रवेशाची चौकशी केली, हे तिथल्या बाईंनी फोन करून सांगितलं, तेव्हा आमच्या वॉचमन पेंटरनं तो फोन दोनदा ऐकून घेतला.

सरकारनं, महापालिकेनं आपल्या कामाची जाहिरात करूच नये असं काही जणांना वाटतं. नेत्यांचे फोटो छापून करू नये, हे मलाही मान्य. पण देवीचं वाक्य लिहायला पैसे खर्च झाले नसते, पोलिओचे दोन थेंब भिंतीभिंतीवर दिसले नसते, तर देवी गेल्याची खात्री झाली नसती आणि 2014 साली भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला नसता. लस पेटीत असून उपयोग नाही, आईला ती कळावी लागते.

आण्णा आता 72 वर्षांचे आहेत. हात थोडा कापतो, मोठी भिंत जमत नाही. दुकानाबाहेर आम्ही दोन निळ्या रेघा मारल्यात, 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या. त्यांच्या शेजारी एक काळा फळा आहे. पावसाळ्याचे चार महिने रोज सकाळी सातला आण्णा खडूनं त्यावर राजाराम बंधाऱ्याचा आकडा लिहितात, खाली राधानगरीचे किती दरवाजे उघडे ते. दूधवाला सायकलवरून जाताना मान वळवतो आणि वाचतो. पाय न टेकता.